शेवटचं वाक्य

सौरव बोलायला उठला तशी नागराज सरांनी मान खाली घातली आणि घड्याळाचा पट्टा उगाच नीट करायला घेतला.

दहावीच्या मुलांचा निरोप समारंभ होता. बेळगावाशेजारच्या त्या मराठी हायस्कुलात मुली आज आयांच्या साड्या नेसून आल्या होत्या, आणि स्टेजची पायरी चढताना निऱ्या सांभाळायच्या की माईक, हे एकीलाही कळत नव्हतं. प्रत्येकानं पुढं यायचं, आपण कोण होणार ते सांगायचं आणि ज्यांनी घडवलं त्या शिक्षकांचं नाव घ्यायचं, असं हेडमास्तर मारुतीरावांनी ठरवून दिलं होतं.

वडगावच्या विणकराची रूपाली म्हणाली, "मी इंजिनियर होणार. मागाचा आवाज कमी करायचं यंत्र काढणार. आमच्यात आईला हाक मारली तरी ऐकू येत न्हाय." युवराजनं छाती फुगवून मिलिटरीत जाणार म्हणून सांगितलं, आणि उतरताना पायरी चुकला. भरमू म्हणाला, "आधी पास हुतो, मग सांगतो." सगळ्यांत मोठी टाळी त्यालाच पडली.

एकवीस मुलं बोलून झाली होती. कुणी गणिताच्या बाईंचं नाव घेतलं, कुणी खेळाच्या सरांचं. कन्नडच्या सरांचं कुणीच नाही. नागराज सर नऊ वर्षं या शाळेत कन्नड शिकवत होते, नऊ निरोप समारंभ त्यांनी याच खुर्चीत बसून ऐकले होते. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं ते दरवर्षी घरी जाऊन बायकोला सांगत.

सौरवचं आणि त्यांचं तर जानेवारीपासून बिनसलेलं. पूर्वतयारी परीक्षेत त्याला कन्नडात अकरा मार्क पडले, म्हणून सरांनी त्याला निपाणीच्या कबड्डीच्या सामन्यांना जाऊ दिलं नव्हतं. संघ पहिल्याच फेरीत हरला. तेव्हापासून रोज चार वाजता सर त्याला समोर बसवून शिकवत, आणि तो वहीत बघून नुसता हूं हूं करी. रस्त्यात भेटला तर तोंड फिरवी.

"मला लाईनमन व्हायचंय," सौरव माईकपासून जरा लांबच उभा राहून म्हणाला. "गल्लीत करंट गेला की सगळी वर बगत बसत्यात. मला बगायला न्हाय, चढायला आवडतं."

पोरं हसली.

"आता पुढचं कन्नडात बोलतो."

पोरं आणखी हसली. हा आता सरांची नक्कल करणार, असंच सगळ्यांना वाटलं. सरांनाही तेच वाटलं.

"नन्न हेसरु सौरव," त्यानं सुरुवात केली. माझं नाव सौरव. मग पुढची वाक्यं तो अंधारात पायानं चाचपत पायऱ्या उतरावं तसा, एकेक शब्द तपासून, बोलत गेला. कबड्डीच्या वेळी मला तुमचा लई राग आला होता, म्हणाला. तुम्ही रोज तुमची बस सोडून माझ्यासाठी थांबत होता, ते मला कळत होतं, पण मी कळलं नाही असं दाखवलं. परवा मोठ्या दवाखान्यात आज्जीला घेऊन गेलो. डॉक्टर कन्नडात विचारत होते. घरातल्या कुणाला काही कळेना. मी सगळं सांगितलं सर. कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, सगळं.

प्रत्यय चुकत होते. काळ घसरत होता. प्रत्येक चूक सरांना ऐकू येत होती, आणि त्यांची बोटं मांडीवर तांबडं पेन धरल्यासारखी हलत होती. पण कुणी हसत नव्हतं. जी हसायची थांबली होती त्यांना अर्धंच कळत होतं, तरी थांबली होती.

"नानु होगुत्तेने, सर," सौरवनं शेवट केला. मी जातो, सर. आणि हात जोडले.

टाळ्या सुरू झाल्या, तेवढ्यात नागराज सर उठले.

"थांब रं सौरव. शेवटची वाक्य चुकली."

वाक्य 'चुकलं' म्हणायला हवं होतं. एरवी अशा वेळी मागच्या बाकांवर खसखस पिकायची. आज सगळे सौरवकडे बघू लागले. सौरवचा चेहरा पडला.

"नागराज सर, आजच्या दिवस राहू द्या की," मारुतीराव हळूच म्हणाले.

"न्हाय. बाकीच्या राहू देत. ही न्हाय." सर स्टेजवर चढून त्याच्यासमोर उभे राहिले. "घरातनं बाहेर पडताना आईला काय सांगतोस?"

"येतो म्हणून सांगतो."

"जातो म्हणत न्हाईस?"

"न्हाय सर. जातो म्हणू नये म्हणती आई."

"मग कन्नडात का जातोयस?"

सौरवनं वर बघितलं.

"होगि बर्तीनि," सर म्हणाले. "जाऊन येतो." हे पुस्तकातलं कन्नड नव्हतं. शाळेत त्यांनी ते कधी शिकवलं नव्हतं. गोकाकला, त्यांच्या आईच्या उंबऱ्यावर बोलतात ते होतं. "म्हण."

सौरवनं ओठातल्या ओठात एकदा घोळवून घेतलं.

"होगि बर्तीनि, सर."

"ये," नागराज सर म्हणाले.