डबीतला कॅमेरा

दुरुस्तीच्या फेरीतलं आजचं हे सातवं घर, चाफेकरकाकांचं. कुंदा दमून खुर्चीत टेकली आणि तिने संगणकाला जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी उघडली. कॅमेरा संगणकाला दिसत होता. पण संगणकाच्या आतल्या ज्या आभासी मशीनमध्ये, म्हणजे संगणकातल्याच दुसऱ्या संगणकात, काकांच्या वारलेल्या पत्नी विमलकाकू राहत होत्या, त्या मशीनला तो मिळतच नव्हता.

"काका, कॅमेरा काढून ठेवता का?"

"रोज. पुसून डबीत ठेवतो. महागाची वस्तू," चाफेकरकाका म्हणाले.

"पुन्हा लावला की बाहेरचा संगणकच तो बळकावतो. काकूंचे डोळे आहेत हो ते. काढायचे नाहीत."

तिने कॅमेरा आतल्या मशीनला जोडून दिला. दिवा लागला.

जरा वेळाने स्पीकरमधून काकू म्हणाल्या, "अहो, माझ्या फोटोवरचा हार सुकलाय. एक तर रोज बदला, नाहीतर काढून तरी टाका."