माग थांबल्यावर

इंटरनेटवरची उत्तरं आता घरातली पेटी बोलून दाखवायची. गोंगाट असला, की शांत होईपर्यंत थांबायची. शालननं घरातल्या यंत्रमागाच्या खडखडाटात तिला विचारून ठेवलं होतं, "नवरा मारतो. कुठं जाऊ?" बाबासो बाहेर गेल्यावर माग बंद करून ती ऐकणार होती.

तो जेवायला बसला आणि लाईट गेली. माग थांबला. पेटी बॅटरीवर होती.

"उत्तर पहिलं. नवरा मारत असेल तर मिरजेत आधारघर आहे. आजच निघा."

बाबासोनं ताट भिरकावलं. "मिरजेला जातीस व्हय?" केस धरून त्यानं तिचं डोकं मागाच्या लोखंडावर आपटलं. ती किंचाळली, तशी पेटी गप्प झाली. तो आपटतच राहिला.

मग घर शांत झालं.

"उत्तर दुसरं," पेटी म्हणाली. "गप्प राहू नका."