चटईवरची खुर्ची

"हात लावू नका," ताई हळूच म्हणाल्या.

आईनं पुढे केलेला हात मागे घेतला. मुंगी एकटीच खुर्ची ओढत होती. पाच वर्षांची पोर, खुर्ची तिच्या छातीला लागणारी. आईसाठी ठेवलेली ती खुर्ची तिनं भिंतीपाशी नेली, खाली आपली चटई अंथरली आणि खुर्ची वर ठेवली.

"बस."

आई बसली.

या शाळेत घंटा नव्हती, फळा नव्हता. मुलानं आपलं काम आपण निवडायचं आणि चटई अंथरून तिच्यावर करायचं. कोणतं ते मूल सांगेल तसं ताई वहीत लिहून घेत. ती वही पालकांना दाखवत नसत. काम पुरं होईपर्यंत मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही, चूकही दाखवायची नाही. चुकलं की मूल आपणच मागे जातं आणि पुन्हा करतं, म्हणे.

समोर एकजण पेल्यात पाणी ओतत होता, निम्मं पायावर. एक मुलगी जीभ बाहेर काढून गुंड्या लावत होती. मुंगीपुढे मात्र काहीच नव्हतं. तिची चटई आईच्या पायाखाली.

शनिवारपर्यंत मूल आईवाचून रमलं नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला. हे ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि इतक्या गोड आवाजात की भांडताही येईना.

सोमवारी खुर्ची मुंगीला खेटून होती. मंगळवारी अशी भिंतीपाशी आली. बुधवारी दाराजवळ. आई जायला उठली की मुंगी धावत येई, मनगट धरी, तोंडाकडे निरखून बघे.

"अजून नाही," म्हणे.

"पोरीबरोबर स्वतःचंही नाव घालून टाक," मावशी फोनवर म्हणाली. "डबा तर दोघींचा नेतेसच."

"सोडतच नाही गं ती मला."

"हट्टी आहे. बापावर गेलीय."

आईची नजर दाराकडे गेली. दारात अजून बाबांचे बूट होते. ते गेल्यापासून दोन महिन्यांत कुणी हलवले नव्हते.

गुरुवारी खुर्ची व्हरांड्यात गेली. तिथे एकटं बसल्यावर आईला भरून आलं. रुमाल सापडेना. मुंगीनं आतून पाहिलं, बाहेर आली. खुर्ची ओढत ओढत पुन्हा भिंतीपाशी घेऊन गेली.

आई तडक ताईंकडे गेली.

"बघा, गेली मागे," ती ताईंना म्हणाली. "सगळी पोरं काहीतरी करतात, ही नुसती माझ्यामागे. तुम्ही तरी समजवा ना तिला!"

"मी नाही मध्ये पडणार."

"अहो, परवा शनिवार आहे!"

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. काहीतरी अगदी ओठांवर आलं होतं. मग त्या फडकं शोधणाऱ्या मुलाकडे वळल्या.

शुक्रवारी सकाळी दार, दुपारी व्हरांडा. शनिवारी थेट फाटक. पायऱ्या उतरताना खुर्ची दोनदा अडकली; आई मुठी आवळून उभी राहिली, पण हात लावला नाही.

फाटकाशी मुंगीनं तिचं मनगट धरलं. तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"जा आता," मुंगी म्हणाली.

आई निघाली. वळून बघितलं तर सगळं फिसकटेल म्हणून वळली नाही. कोपऱ्यापर्यंत डोळे कोरडे ठेवले.

ती दिसेनाशी होईपर्यंत मुंगी थांबली. मग खुर्ची आत आणली, चटई गुंडाळून फळीवर ठेवली आणि ताईंसमोर येऊन उभी राहिली.

"झालं माझं काम."

ताईंनी वही उघडली, सोमवारचं पान काढलं. मुंगीनं सांगितलं तसंच तिथे लिहिलेलं होतं. त्यापुढे त्यांनी बरोबरची खूण केली:

'आईला एकटीनं राहायला शिकवायचं. रोज थोडं थोडं लांब.'