नानांसाठी फाटक

रेल्वे फाटकावर नोकरीला लागून शेवंताला महिना झाला, तरी फाटक पाडताना तिला धास्ती वाटायची. कुलूप लागलं की नाही, तीनतीनदा बघायची.

"मला नाही जमायचं, नाना."

याच फाटकावरून निवृत्त होऊनही शिकवायला येणारे नागोजीनाना हसायचे. "जो भितो, त्याच्याच हाती फाटक द्यावं, पोरी."

आज नानांचीच तिरडी फाटकाशी आली, तेव्हा मागच्या स्टेशनातून गाडी सुटल्याचा फोन येऊन फाटक पडलं होतं.

"अगं, उघड की! ज्यांनी शिकवलं, त्यांनाच अडवतेस?" खांदेकरी ओरडले.

शेवंताच्या डोळ्यांना धार लागली होती, पण तिनं किल्ली काढली नाही. "त्यांनीच शिकवलंय, दादा. गाडी जाऊ द्या."

गाडी गेली. तिनं फाटक उघडलं. चार पावलं तरी सोबत चालावं म्हणून ती निघाली, तोच फाटकाशेजारच्या तिच्या गुमटीत पुढच्या गाडीचा फोन वाजला.