थांबायची जागा

"हा उंदीर कोण गातोय?" बी सिहाबानं विचारलं.

घशाचं ऑपरेशन झाल्यापासून तिचे शब्द खरवडून बाहेर येतात, कुजबुजीपलीकडे जात नाहीत. जीभ मात्र डॉक्टरनं कापली नव्हती.

"तुम्हीच, बी," मकामे म्हणाला. "आवाज जरा पळवलाय. हळू गाण्यावर हल्ली आपल्या टांडाले वस्तीत कुणी नाचायला उठत नाही."

"माझ्यावर उठायचे. उतरव."

मकामेनं वेग उतरवला. त्याचा स्टुडिओ म्हणजे एक पत्र्याची खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, आणि कीबोर्डशेजारी अंडं घातलेल्या चिप्सची अर्धी उष्टी ताटली. त्याच तेलकट बोटांनी हा माणूस लोकांची गाणी करतो. बी सिहाबानं खांद्यावर पांघरलेला छापील सुती कांगा काढून खुर्चीवर पसरला आणि मगच ती टेकली.

आता तिचा खरा आवाज आला. ऑपरेशनच्या आधी ती याच खोलीत उभी राहून गायली होती. यापुढं तो आवाज या मशीनखेरीज कुठंच ऐकू येणार नव्हता.

*माझ्या हंडीतला भात खाल्लास, नि तोंड पुसलंस माझ्या लेकीच्या कांग्याला...*

आणि लगेच पुढची ओळ. ढोल तसेच धावत सुटलेले.

"बंद कर. इथं मी थांबले होते. ती जागा कुठं गेली?"

मकामे खुर्ची ओढून पुढं सरकला. हे समजावून सांगायला त्याला आवडत असावं. "असंय बी, हे गाणं तीन प्रोग्रॅममधून काढलंय. एक आवाज चांगला घेतो, म्हणून आवाज त्याच्यात. दुसरा साफसफाई करतो. ढोल तिसऱ्यात बनवले आणि तिथंच सगळं एकत्र केलं. तिघांचं आपसात अजिबात पटत नाही, पण मी पटवलं! आता तुमची ती जागा त्या साफसफाईवाल्यानं काढली असणार. आवाज नाही दिसला की तो कापतो. रिकामं होतं ना ते."

"रिकामं," बी सिहाबा म्हणाली. शिजल्या भातात झुरळ दिसावं तसं तिचं तोंड झालं. "तीन आचारी ठेवलेस आणि त्यातल्या एकानं मिठाचा डबाच उकिरड्यावर नेऊन टाकला."

उद्या दुपारी तिच्या लेकीसाठी, रिझिकीसाठी, बायका जमणार होत्या. लग्नाआधीची बायकांची बैठक. समोरच्या घरातली तौसीही येणार, पहिल्या चटईवर बसणार आणि पोटभर जेवणार. पोट दिसायच्या आत लग्न उरकताहेत, असं रिझिकीबद्दल गल्लीभर सांगत फिरलेली ती हीच. असल्या बाईशी दारात भांडायचं नसतं. तिला गाण्यात उत्तर द्यायचं, तेही नाव न घेता. ओळ म्हणायची, वाद्यं थांबवायची आणि जिची असेल तिच्याकडे बघत राहायचं. मग सगळ्या बायका वळून बघतात. सगळा मार त्या थांबण्यात असतो.

"मूळचं काढ."

"पुसलं, बी. मशीनमध्ये जागा उरली नव्हती. तिघं मिळून किती खातात तुम्हाला—"

चप्पल कशात पडली ते बघावं तसं बी सिहाबानं त्याच्याकडे पाहिलं.

"पण जागा परत घालता येते!" मकामेनं घाईनं माऊस पकडला. "हे बघा, इथं कापलं. किती सोडू? चार ठोके? आठ?"

"ती मान खाली घालेपर्यंत."

"बी, ह्याला आकडा द्यावा लागतो."

"तौसीच्या मानेला आकडा असतो का रे? आधी ती हसून दाखवेल. मग कांगा सावरेल. मग शेजारणीच्या कानात काहीतरी बोलेल. तोवर मी उभी. किलव्याच्या एका लग्नात एकीसाठी एवढी थांबले होते की ढोलवाला मागं जाऊन पाणी पिऊन आला."

मकामेनं एक प्रोग्रॅम उघडला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. डोकं खाजवलं.

"तिघांपैकी एकालाही हे जमत नाही, बी."

"मग पाळलेस कशाला?"

ती उठली, कांगा पुन्हा खांद्यावर टाकून कीबोर्डपाशी आली. "थांबवायची कळ कुठली?"

"ही लांब. पुन्हा दाबली की तिथूनच सुरू. पण तुम्ही कशाला, उद्या मीच येऊन—"

"बायकांत?"

मकामेनं कीबोर्ड तिच्यापुढं सरकवला.

ती कळ तेलानं चमकत होती. तिच्यावर चिप्सचा एक कण चिकटला होता. पूर्वी बी सिहाबानं नुसती हनुवटी उचलली की आख्खा ताफा थांबायचा, व्हायोलिनवाल्यांसकट. आता हे. तिनं नाकानं श्वास सोडला आणि बोट ठेवलं.

"लाव."

गाणं सुरू झालं. हंडी आली, भात आला, लेकीचा कांगा आला. तिनं कळ दाबली.

खोलीत पंख्याची घरघर तेवढी राहिली. बी सिहाबानं सावकाश मान वळवली आणि मकामेकडे पाहिलं.

"वा! बरोबर जागेवर, बी," तो हसला.

ती बघत राहिली.

त्यानं ताटली उचलून दुसरीकडे ठेवली. मग बनियनला हात पुसले. "चालतंय ना असं?"

ती बघत राहिली.

तो पडद्याकडे वळला, पण तिथं काहीच हलत नव्हतं. पुन्हा तिच्याकडे बघायला गेला, ते अर्ध्यातच राहिलं. शेवटी त्याची मान खाली गेली.

मगच तिनं पुन्हा कळ दाबली. तिचा आवाज खोलीभर पसरला, आणि गाणं संपेपर्यंत ती ते बोट कांग्याच्या टोकाला पुसत राहिली.