मी करते तसंच

नाचाच्या पहिल्याच फेरीत सहाही मुलींनी डावा पाय फरफटत ओढला आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आजी खुर्चीच्या कडेवर सरकल्या.

त्यांच्या मुलखातल्या नाचात कुणी पाय ओढत नाही. तिथे हरणासारखी उडी असते. पण गेल्या वर्षी जिन्यावरून पडल्यापासून आजींचा डावा पाय जमिनीवरून सुटतच नव्हता. शहराच्या या महोत्सवात प्रत्येक समाज आपापला नाच दाखवी. आजींच्या समाजाचा नाच येणाऱ्या इथे आता एकट्या आजीच. नातींनी केव्हाच नाकं मुरडली होती. म्हणून आजींनी इमारतीतल्या मुली गोळा केल्या. घराघराची भाषा वेगळी, हा नाच कुणीच पाहिलेला नाही. कपडे धुण्याच्या खोलीत आजी पुढे, मुली मागे. एकदाही वळून न पाहता त्यांनी दरडावलं होतं, "मी करते तसंच करायचं. आपली अक्कल पाजळायची नाही."

पोरींनी शब्दन् शब्द ऐकला होता.

"आई, हा नाच असाच असतो का हो?" शेजारी बसलेल्या सुनेने हळूच विचारलं. "मघाच्या नाचात सगळ्यांच्या माना उजवीकडे कललेल्या होत्या, तेव्हा तुम्ही म्हणालात, काय डौल आहे. तशीच ही पायाची लकब असेल."

"गप्प बस."

उठून थांबवावं, तर पाय साथ देईना. ओरडावं, तर आवाज ढोलात बुडणार. ज्यांच्या शब्दाबाहेर घरातलं मांजरसुद्धा गेलं नाही, त्या आजी मांडीवर हात ठेवून आपल्या मुलखाचा नाच लंगडताना पाहत राहिल्या. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. आता इथे तो सगळ्यांना असाच ठाऊक होणार होता.

मध्यंतरात एक वृद्ध बेकरीवाला त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. मघाचा, माना कलवण्याचा नाच त्यानेच बसवलेला. एरवी दरवर्षी तो पडद्यामागेच थांबे, म्हणून आजींनी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, ते पाय ओढणं काळजाला भिडलं बघा. फार जुनी रीत असेल ना तुमच्याकडची?"

काय ते खरं सांगून टाकावं, म्हणून आजींनी वर पाहिलं.

आयुष्यभर डाव्या खांद्यावर पिठाची पोती वाहिलेल्या त्या माणसाची मान उजवीकडे कायमची कलली होती.