बिघडलेली बेडी

“पळालेल्या कैद्याची बेडी या तीनपैकी नव्हती, असं शपथेवर सांगू शकता तुम्ही?” निवृत्त निरीक्षकांनी विचारलं.

भांडार सांभाळणारा हवालदार समोरची पानं उलटू लागला. वर्षभरात तीन बेड्यांची कुलपं सैल झाल्याचं त्यानेच नोंदवहीत लिहिलं होतं. क्रमांक मात्र एकीचाही नव्हता. चौकशी अधिकाऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. निरीक्षक खाली बसले. विभागीय चौकशीत अडकलेल्या पोलिसांची बाजू मांडायचं काम ते अकरा वर्षं करत होते. पारडं कधी फिरतं, ते त्यांना नेमकं कळायचं.

शेजारी बसलेल्या महिला शिपायाने मान वर केली नाही. इस्पितळात तिच्या पहाऱ्यातला कैदी न्हाणीघराच्या खिडकीतून पळाला होता. दुसऱ्या दिवशी तो सापडला, पण तिची नोकरी टांगणीला लागली. घर तिच्याच पगारावर चालत होतं. पहिल्याच भेटीत तिने निरीक्षकांना खरं ते सांगून टाकलं होतं. सलाईनने कैद्याचं मनगट सुजलं होतं, बेडी रुतत होती. तिला बघवेना, म्हणून तिनेच ती काढली. हे पुन्हा कुणापाशी बोलू नकोस, बाकीचं मी बघतो, असं त्यांनी तिला बजावलं. तिला खोटं बोलावं लागलं नाही. नुसतं गप्प राहावं लागलं.

ती निर्दोष सुटली.

तीन आठवड्यांनी भांडारातला हवालदार निरीक्षकांच्या घरी आला. नादुरुस्त बेडी पहाऱ्यावर दिल्याचा ठपका आता त्याच्यावर आला होता. निवृत्तीला सात महिने उरले होते. आरोपपत्रात निरीक्षकांचाच युक्तिवाद शब्दाला शब्द उतरला होता. हवालदाराने त्यांना बोल लावला नाही. माझीही बाजू तुम्हीच मांडा, एवढंच म्हणाला.

निरीक्षकांनी कागद दोनदा वाचला. आपणच मारलेली गाठ कुठून सोडवायची, त्यांना सुचेना.

“बेडी धड होती, हे सांगणारा साक्षीदार लागेल,” ते शेवटी म्हणाले. त्यांनी हवालदाराच्या नजरेला नजर दिली नाही.

हवालदार जरा अवघडला. “बाहेर थांबलीय, साहेब. मला इथे घेऊन आली तीच.”

निरीक्षक दाराशी गेले. पायरीवर ती शिपाई उभी होती, गणवेशात, टोपी काखेत धरून.

“बेडी चांगली होती, साहेब,” ती म्हणाली. “या वेळी मला गप्प बसायला सांगू नका.”